उद्याचं शिळं

६ ऑगस्ट २००५, शनिवार. नेरे.

अकोल्याहून निघताना शेजारणीनं विचारलं, "सुनेचं करायला चालल्या का बापा?" मी म्हटलं, "सुनेचं नाही, नातवाचं." वहीशी खोटं कशाला बोलू? सून अजून मला माझी वाटत नाही. शैलेशनं मला न विचारता कचेरीत सही करून लग्न केलं, त्याला दीड वर्ष झालं. दीड वर्षात मी तिच्याशी चार वेळा बोलले, चारही वेळा हिंदीत. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं आणि आता स्वतःच्या घरात ही पाळी.

तिचं नाव जोनाली. आसामची. उत्तर लखीमपूर म्हणून गाव आहे, त्याच्याही आतल्या खेड्यातली. आई ती लहान असतानाच गेली, वडील आहेत. शैलेशच्याच कंपनीत, हिंजवडीला नोकरी करते. आता तिसरा सरलाय. वजन वाढायच्या ऐवजी उतरतंय, घरचं कुणीतरी जवळ असू द्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून मला बोलावणं आलं. एरवी आलं असतं का, हा प्रश्न मी गाडीत बसल्यापासून स्वतःला विचारतेय.

महाळुंग्याचा फ्लॅट अजून खांबांवरच उभा आहे, तोवर ही दोघं इथे नेऱ्यात गेणबा आणि गोजराबाई या शेतकरी नवरा-बायकोच्या घरात दोन खोल्या घेऊन राहतात. गोजराबाई माझ्याच वयाची असेल. नमस्कार नाही, चमत्कार नाही, मला बघून तिचं पहिलं वाक्य, "पोरगी वाळून चाललीया तुमची. बघा जरा."

बघायलाच तर आलेय. माझ्या हातचं खाऊन वाळलेलं माणूस अजून जन्मायचं आहे.

८ ऑगस्ट, सोमवार.

काल गोळाभात केला, वर लसणाची फोडणी. आज पातोडीची रस्सा भाजी, पोळ्या, शेवयांची खीर. पोरीनं सगळं खाल्लं. बोलली एक शब्द नाही, पण ताट असं पुसून घेतलं की घासायचं कामच उरलं नाही. माझा जीव सुपाएवढा झाला. शेवटी चव ही चव असते, ती आसामात काय आणि अकोल्यात काय.

एक मात्र आहे. जेवण झालं की तिला लगेच मागच्या मोरीकडे जायची सवय दिसते. हात धुवायला म्हणून जाते ती पंधरा मिनिटं येत नाही. शैलेश तिच्या मागोमाग जाऊन नळ मोठा सोडून ठेवतो. या पोरांना पाण्याची किंमत नाही. उद्या सांगणार आहे त्याला.

१३ ऑगस्ट, शनिवार.

रोज सकाळी सातच्या सुमाराला जोनाली गोजराबाईच्या पडवीत जाऊन बसते. अर्ध्या तासानं येते ती जरा तरतरीत दिसते. माझ्याविषयी कागाळ्या करत असणार. पण गोजराबाईला हिंदी येत नाही आणि हिला मराठी नाही, मग कागाळ्या कुठल्या भाषेत होतात ते देव जाणे.

संध्याकाळी सातला तिच्या वडिलांचा फोन येतो. रोजचा एकच प्रश्न, "कुछ खाया?" शैलेश म्हणतो, "सब ठीक है." मग तो फोन माझ्यापुढे करतो. मी म्हणते, हात कणकेत आहेत. कणीक भिजवलेली नसते. काय बोलायचं त्या माणसाशी? तुमच्या मुलीनं माझा मुलगा नेला, असं?

१८ ऑगस्ट, गुरुवार.

वजन अर्धा किलो कमीच. चव्वेचाळीस. एवढं खाऊन! डॉक्टरीणबाई माझ्याकडे अशा बघत होत्या की मीच तिचं चोरून खाते. आजपासून दुधात खारीक-बदाम, पोळीवर दुप्पट तूप. श्रावण असला तरी लसूण सोडत नाही, गर्भारणीला सगळं माफ असतं.

गोजराबाई अंगणातून म्हणाली, "बाई, एवढं त्याल-तूप पचंल व्हय तिला?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. रांधण्यातलं कुणी मला शिकवू नये.

२४ ऑगस्ट, बुधवार.

आज जे पाहिलं ते आजच लिहायला हवं. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

सकाळी तिचं दूध घेऊन मीच पडवीकडे गेले. दोघी पोत्यावर बसल्या होत्या. गोजराबाईच्या पुढ्यात जर्मनची ताटली, जोनालीच्या हातात आमच्या घरची स्टीलची वाटी. वाटीत कालचा भात, पाण्यात भिजलेला. वर खडेमीठ, बुक्कीनं फोडलेला कांदा आणि चुलीत भाजलेली मिरची. आणि ही बया, जिच्यासाठी मी साजूक तुपात बदाम परतते, ती बोटं चाटत होती!

मी म्हटलं, "गोजराबाई, पोटुशी बाईला शिळं घालता? आमच्या घरात शिळं गायीला जातं."

ती शांतपणे म्हणाली, "आमी रोज ह्येच खातुया. आमी काय गायी हाय व्हय?"

मी ओरडले. भाडं देतो, उपकार करत नाही, माझी सून काय तुमची गडीमाणूस वाटली का, असं सगळं बोलून गेले. गोजराबाईनं एकदाच वर पाहिलं. "तिची नजर माझ्या ताटलीवर व्हती, म्हून दिलं. पोटुशीची नजर पडल्याव आपल्या नरड्याखाली घास उतरतूय का?"

जोनाली उठली. वाटी धुतली, पालथी घातली आणि माझ्यामागून खोलीत आली. मी तिला माझ्या मोडक्या हिंदीत बजावलं की आपल्या घरात शिळं खात नाहीत, पाहुण्याला तर नाहीच नाही, आणि तू तर आता दोन जिवांची. तिनं मान हलवली. "जी, आई," म्हणाली. या घरात आल्यापासून मला पहिल्यांदा आई म्हणाली, आणि ते अशा वेळी.

माझं चुकलं नाही. शिळासप्तमीला आपणही शिळं खातो, पण ते वर्षातून एकदा, देवीच्या नावानं. मुलीला रोजचं शिळं सासुरवासात घालतात. उद्या तिच्या वडिलांच्या कानावर गेलं तर मी काय तोंड दाखवू?

२७ ऑगस्ट, शनिवार.

पडवीत जाणं बंद झालंय. माझं सगळं खाते, ताट पुसते. चेहरा मात्र पिठासारखा पांढरा. आज जिना उतरताना भिंत धरली. गोजराबाई माझ्याशी बोलत नाही, मीही बोलत नाही.

२९ ऑगस्ट, सोमवार. चिंचवड, दवाखाना.

पहाटे जोनाली मोरीत पडली. गेणबांच्या मुलानं जीपमधून इथवर आणलं. सलाईन लावलंय. वजन साडेएकेचाळीस. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की बाळ अजून ठीक आहे, पण आईच्या पोटात अन्न राहिलं नाही तर ते किती दिवस ठीक राहील हे सांगता येत नाही. सलाईनवर किती दिवस काढणार?

मी शैलेशवर चिडले. एवढं खाते, मग जातं कुठे? तो बाकावर बसला आणि जमिनीकडे बघत बोलला.

"आई, ती पहिल्या दिवसापासून सगळं ओकतेय. तुझ्या ताटातला एक घास राहिला नाही. तुला ऐकू जाऊ नये म्हणून मी नळ सोडायचो."

"मग ताट का पुसायची?"

"तिच्यासाठी कुणी एवढं राबून रांधलेलं तिला आठवतच नाही. टाकवत नव्हतं तिला. तुला वाईट वाटलं असतं."

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मग विचारलं, "आणि तो शिळा भात?"

"तेवढाच राहायचा. तिच्याकडे रोज सकाळी तेच खातात. पोइता म्हणतात. तुला सांगणार होतो, पण तू म्हणालीस, आपल्या घरात शिळं गायीला जातं."

म्हणजे तीन आठवडे ती माझ्यासाठी खात होती आणि जगण्यासाठी गोजराबाईकडे जात होती. आणि ते जगणं मी तोडलं. हे वाक्य मी लिहिलंय आणि तसंच ठेवतेय, खोडणार नाही.

तेवढ्यात तिच्या वडिलांचा फोन आला. शैलेश "सब ठीक है" म्हणतच होता, तर मागून नर्स मोठ्यानं म्हणाली, "चार नंबरची सलाईन संपली." तिकडे ऐकू गेलं असणार. शैलेशनं घाईनं फोन बंद केला.

३० ऑगस्ट, मंगळवार. नेरे.

रात्री दवाखान्यात शैलेश थांबला. मी सकाळी पहिल्या सहा आसनी रिक्षानं नेऱ्यात आले आणि चप्पलही न काढता गोजराबाईच्या दारात उभी राहिले. एकतीस वर्षं पोरांना ताठ मानेनं उभं राहायला शिकवलेली मी, मान खाली घालून म्हटलं, "गोजराबाई, शिळा भात आहे का?"

ती चुलीपुढे बसली होती. म्हणाली, "न्हाई."

झालं. बरोबरच आहे, मी म्हटलं मनाशी. वळले. तर मागून आवाज, "काल भाकरी टाकली हुती, भात न्हवता. शिळं आसंच येतं व्हय बाई? उद्याच्या शिळ्यासाठी आज ध्यान ठेवून जादा घालाया लागतंय. बसा हितं."

मी बसले. माझी आयुष्यभराची समजूत अशी की शिळं म्हणजे उरलेलं, चुकलेलं, हिशेब बिघडलेल्या बाईचं. आदल्या दिवशी उद्याची आठवण ठेवून मुद्दाम कुणी शिळं मांडत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. शिक्षिका होते मी. किती गोष्टी मी न शिकताच शिकवल्या असतील?

मला माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "तांदूळ किती घेऊ?"

"चार मानसांचा. ती यकटी खानार हाय, पर चार मानसांचा घ्या. येवढ्याशा भाताला त्यो गुण येत न्हाई."

तिच्या शेतातला जाडा तांदूळ. तिनं शिजवला, पेज गाळून काढली. मी लगेच पाणी ओतायला गेले, तर माझा हात धरला. "दमानं. वाफ मोडू द्या आदुगर." मग दोघी जणी भाताकडे बघत बसलो. गेणबा दारात तंबाखू मळत म्हणाले, "लावणीच्या टायमाला ह्याच्यावं आख्खा दिस चिखलात उभं ऱ्हायाचो आमी. पोटात गार आन् डोस्कं शाबूत." मी पाणी आमच्या गॅसवर उकळून, गार करून आणलं. गोजराबाईला हसू आलं. "पान्याला बी शिजवलंसा व्हय?" पण घालू दिलं. मडक्याच्या तोंडाला फडकं बांधलं आणि मडकं कोनाड्यात ठेवलं.

"आता?" मी विचारलं.

"आता काय? आता त्येचं त्ये करतंय. तुमी जावा."

त्या दिवशीच्या माझ्या बोलण्याचा तिनं एका अक्षरानं उल्लेख केला नाही. केला असता तर बरं झालं असतं.

३१ ऑगस्ट, बुधवार. दवाखाना.

सकाळी मडक्याचं फडकं सोडलं तेव्हा जो वास आला तो मला लिहिता येत नाही. आंबट नाही, गोड नाही. ओल्या शेताच्या जवळपासचं काहीतरी. भाताची शितं फुगून मऊ झाली होती आणि पाणी दुधाळ. गोजराबाईनं स्टीलच्या डब्यात भरून दिलं, मीठ-कांदा-मिरची वेगळ्या पुडीत. स्वतः येत नाही म्हणाली. "तुमी न्या. तुमी दिल्याव ती खाईल."

डॉक्टरीणबाईंनी डबा हुंगला. पाणी उकळलेलं होतं का, भांडं स्वच्छ होतं का, विचारलं. मग म्हणाल्या, "हे पोटात राहतं म्हणता ना? मग द्या. थोडं थोडं द्या."

मी पलंगाशी बसले. डबा उघडला. जोनालीनं डोळे उघडले, डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घाबरली होती. मला वाटलं, ही मला घाबरते. मी म्हटलं, "मैंने बनाया. गोजराबाई ने सिखाया. खाओ बेटा." बेटा मी ठरवून म्हटलं नाही, निघालं.

तिनं चमचा नको म्हटलं. ज्या हाताला सुई नव्हती त्या हातानं कांदा चुरला, मीठ कालवलं, एक घास घेतला. मग दुसरा. अकरा घास खाल्ले, मी मोजले. वाटीतलं पाणीही प्यायली. मग मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. सव्वानऊ. साडेनऊ. तिनं एकदा आवंढा गिळला आणि मी बादली पुढे ओढली, पण काही नाही. दहा. पावणेअकरा. ती झोपली होती. ओठाच्या कडेला भाताचं एक शीत चिकटलं होतं.

मी डब्यातला उरलेला भात खाल्ला. शिळासप्तमी सोडली तर छप्पन्नाव्या वर्षी पहिल्यांदा जाणूनबुजून शिळं खाल्लं, आणि दवाखान्यातल्या स्टुलावर बसून मला रडू आलं. कालचाच तांदूळ, मीच पाणी घातलेलं. त्यात कुणी मसाला घातला नाही, मंत्र म्हटला नाही. एका रात्रीत त्याचं दुसरंच अन्न झालं. आणि हे ब्रह्मपुत्रेकाठच्या कुठल्यातरी बाईला माहीत होतं आणि मुळशीतल्या गोजराबाईला माहीत होतं. दोघींनी एकमेकींचं गाव ऐकलेलं नाही. त्यांना कुणी शिकवलं? ही मुलगी अडीच हजार किलोमीटर आली, इथल्या कुठल्याच घासाला तिच्या पोटानं दार उघडलं नाही, आणि परक्या दारातली ताटली तिनं नुसत्या नजरेनं ओळखली. मला देवळात असं कधी झालं नाही. हात जोडावेत असं वाटलं, पण कुणाला जोडायचे ते कळेना, म्हणून डबा धुवून आणला.

३ सप्टेंबर, शनिवार. नेरे.

काल घरी आलो. आज पोळा. अकोल्याला असते तर मातीचे बैल मांडले असते. असो.

काल मी स्वतः भात लावला आणि शहाणपणानं फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी नुसता गार, निर्जीव भात. गोजराबाई पोट धरून हसली. "थंडीत घातल्याव त्येला जाग कशी येनार, मास्तरीणबाई? त्ये बी जितं हाय." मी पण हसले. मास्तरीणबाई हे तिनं परवापासून सुरू केलंय. चिडवते की मान देते, ठरवता येत नाही. आजच्या सकाळपुरतं तिच्या मडक्यातलं निभावलं.

मग जोनालीला विचारलं, याच्यावर तुमच्याकडे आणखी काय घेतात? मी आल्यापासून तिला काय हवं ते विचारलंच नव्हतं. डोहाळे पुरवायला आले होते आणि डोहाळे माझ्याच मनानं ठरवून बसले होते! ती जरा लाजली आणि म्हणाली, "सरसों का तेल. दो बूंद. और आलू जला के." मोहरीचं तेल आपण अंगाला चोळतो, भातावर कोण घालतं? पण निघाले. मारुंजीच्या रस्त्याला नव्या इमारतींच्या कामावर बिहारचे मजूर राहतात, त्यांच्या पत्र्याच्या दुकानात मिळेल असं गेणबा म्हणाले. दुकानदारानं बाटली देताना विचारलं, "माताजी, आपके घर में कोई उधर का है?"

"है," मी म्हटलं. "मेरी बहू है."

दीड वर्षात हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. एका तेलवाल्याला सांगितलं.

घरी येताना एक गोष्ट डोक्यात आली आणि मी रस्त्यातच थांबले. पुढच्या आठवड्यात महालक्ष्म्या. त्यांच्या नैवेद्याला आमच्याकडे ज्वारीची आंबील लागतेच, आणि ती आदल्या दिवशी पीठ भिजवून आंबवलेली लागते. लग्न झाल्यापासून दर वर्षी करतेय. सोवळ्यात करतेय. देवीला जे घालते त्याला मी शिळं म्हणत नाही आणि गोजराबाईच्या मडक्याला म्हणते. मागून ट्रक भोंगा वाजवत होता, तेव्हा बाजूला झाले.

६ सप्टेंबर, मंगळवार.

आज चिंचवडला वजन केलं. पावणेत्रेचाळीस! सव्वा किलो! डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकवले. पळत्या घोड्यासारखे. जोनाली माझ्याकडे बघून हसली, तिला खळी पडते हे मला आज कळलं. गोजराबाईला सांगितलं तर म्हणाली, "मंग? भातानं कुनाचं वाईट केलंय?" आणि भाकरी थापायला बसली. पण भाकरीला पाणी लावताना पदरानं डोळे पुसले, ते मी पाहिलं.

आजच्या सकाळचा भात माझा होता. पहिल्यांदा जमला. भाजलेला बटाटा कुस्करून, मोहरीच्या तेलाचे दोन थेंब. नाकात झणका गेला. जोनालीनं वास घेतला आणि बराच वेळ वाटी तशीच हातात धरून बसली. मी विचारलं नाही. दुपारी तिनं वाटीभर गरम वरण-भातही खाल्ला, माझ्या हातचा, फोडणीशिवाय. राहिला.

संध्याकाळी सातला फोन वाजला. शैलेश कामावरून आला नव्हता, पण मोबाईल घरी विसरला होता. जोनाली आंघोळीला गेली होती. हात कणकेत नव्हते. मी फोन घेतला.

तिकडून क्षीण आवाज, "कुछ खाया?"

मी म्हटलं, "मैं शैलेश की माँ बोल रही हूँ."

पलीकडे खाकरल्याचा आवाज. मग म्हणाले, "बाइदेउ, नमस्कार." बाइदेउ म्हणजे थोरली बहीण, हे मागाहून जोनालीनं सांगितलं. मग अडखळत म्हणाले, जावई रोज सांगतो सगळं ठीक आहे. दवाखान्यातूनही तेच सांगत होता. मुलगीही तेच सांगते, ती लहानपणापासून असंच सांगते. "आप बोलिए. सच बोलिए."

मी सगळं खरं सांगितलं. मोरीत पडली ते, सलाईन, साडेएकेचाळीस किलो. मी तिचा भात तोडला तेही. मग सांगितलं की आठवडाभर रोज सकाळी पोइता खाते आणि तो पोटात राहतो. आज सव्वा किलो वाढलं.

"पोइता?" ते म्हणाले. "वहाँ? कौन बनाया?"

"पहले मकानमालकिन ने. आज मैंने."

मग तो म्हातारा माणूस म्हणाला, "तब आज हम भात खाएगा."

मला कळेना. मी विचारलं, आज म्हणजे? त्यांनी सांगितलं, मागच्या सोमवारी नर्सचा आवाज ऐकला त्या दिवसापासून भात सोडलाय. चहा आणि मूठभर चिवडा, बस. "बेटी के पेट में नहीं रुकता, तो हमारे गले से कैसे उतरेगा, बाइदेउ?" जावयानं, मुलीनं रोज सांगितलं, ठीक आहे, ठीक आहे. विश्वास बसला नाही. नऊ दिवस!

मी रोज संध्याकाळी नसलेली कणीक मळत होते आणि तिकडे हा माणूस उपाशी होता. मी मास्तरीणबाईच्या आवाजात म्हटलं, "अभी खाइए. अभी के अभी. मैं फोन पकड़ के रखती हूँ."

त्यांनी आत कुणाला तरी हाक मारली, त्यांच्या भाषेत. एक बाई, शेजारची की नात्यातली कोण जाणे, काहीतरी आनंदानं बोलली. पावलं वाजली. ताट जमिनीवर टेकल्याचा आवाज आला, मग पाण्याच्या तांब्याचा. तोवर जोनाली ओल्या केसांनी बाहेर आली होती. मी तिला खुणेनं जवळ बोलावलं. दोघींचे कान एका फोनला लावून आम्ही उभ्या राहिलो आणि तिचा बाप जेवताना ऐकत राहिलो. त्यांचं जेवण होईपर्यंत फोन ठेवला नाही.